कॅप्टन थेटे आणि उजवी खुर्ची

उज्वलाने जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या भिंतीकडे तोंड करून शेजारी शेजारी मांडल्या, डावीवर स्वतः बसली आणि हाक मारली, "अहो कॅप्टन, या लवकर. मला साडेदहाला शाळेत पोचायचंय."

खंडेराव थेटे चहाचा कप ओट्यावर ठेवून आले आणि निमूटपणे उजव्या खुर्चीवर बसले. समोरच्या भिंतीवर कॉकपिटचं भलंमोठं कागदी चित्र डकवलेलं होतं. सगळी बटणं, काटे, पडदे खऱ्या मापाचे. नवं विमान शिकणारे पायलट घरात असं चित्र लावून हात बसवतात. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या त्या सोसायटीत मात्र असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. कामाला येणाऱ्या गोजराबाईंनी ते पाहिल्या दिवशीच साहेबांचं डोकं फिरल्याची बातमी तिन्ही मजल्यांवर पोचवली होती.

"हात कुठंय?" उज्वलाने विचारलं.

"मांडीखाली."

"दोन्ही?"

"डावा मांडीवर आहे. तो काही करत नाही. उजवाच नालायक आहे."

एक्कावन्न वर्षांचा, चौदा हजार तास आकाशात काढलेला माणूस आपल्याच घरात आपल्याच हातावर बसला होता. उज्वला हातातला कागद वाचत होती, "आता मी विमान उतरवतेय. आता मी मुद्दाम डावीकडे चाललेय. बघा, चालले. अजून चालले." खंडेरावांनी कागदावर लिहिल्याप्रमाणे फक्त तोंडानं सांगायचं होतं, की विमान डावीकडे जातंय. हात हलवायचा नाही. बायको काल्पनिक विमान काल्पनिक धावपट्टीच्या बाहेर नेत होती आणि खंडेरावांच्या कपाळावर खराखुरा घाम आला होता.

हे सगळं कशापायी चाललं होतं, ते कळायला त्यांची थोडी मागची हकीकत सांगायला हवी.

खंडेराव गिरणाऱ्याचे. वडील पुंजा थेटे टोमॅटो आणि झेंडू करायचे. त्या काळी ओझरच्या कारखान्यातली नवी विमानं चाचणीसाठी वर यायची, आणि त्या आवाजानं गाईगुरं बुजायची, पण खंडू हातातलं रोप टाकून मान वर करून उभा राहायचा. त्यावरून त्यानं मारही बराच खाल्ला. पुढे त्याच पुंजानानांनी रस्त्याकडचा तुकडा विकून पोराला विमान शिकायला पाठवलं. भावकीत हसू झालं. पोरगं शेवटी ड्रायव्हरच होणार ना, मग ट्रॅक्टर काय वाईट, असं लोक तोंडावर म्हणाले. नानांनी कुणाला उत्तर दिलं नाही. माणूस पहिल्यापासून कमी बोलणारा.

पोरगं मोठ्या जेट विमानाचं कॅप्टन झालं. कंपनीतल्या कुणा हुशार माणसानं सुचवलं, की उद्घोषणा करताना 'कॅप्टन खँडी' म्हणा, परदेशी प्रवाशांना खंडेराव जड जातं. खंडेरावांनी विचारलं, "त्यांना विमानात बसायला जड जात नाही ना? मग नावही जाणार नाही." तेव्हापासून सोळा वर्षं, 'मी कॅप्टन खंडेराव थेटे बोलतोय,' हे वाक्य देशभराच्या आकाशात ऐकू येत राहिलं. त्या आवाजात एक ठसका होता. तो घरातही असायचा. गाडी उज्वला चालवत असली तरी ब्रेक शेजारच्या सीटवरून खंडेराव दाबायचे. कपडे वाळत कसे घालावेत, कुकरच्या शिट्ट्या किती व्हाव्यात, हे सगळं त्यांच्या हुकमतीतलं. कॅप्टन माणूस, त्याला काय बोलणार.

दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या विमानांना इंजिनं मिळेनाशी झाली. एकेक विमान कडेला उभं राहायला लागलं. आधी निम्मी उड्डाणं बंद झाली, मग पगार लांबले, आणि मे महिन्यातल्या एका दुपारी सगळ्यांना ई-मेल आला, की तुमच्या सेवेची यापुढे गरज नाही. पत्राखाली 'आपलंच विस्तारित कुटुंब' असं लिहिलं होतं. घरातल्या माणसांना असं पत्र पाठवून बाहेर काढतात, हे खंडेरावांना तोपर्यंत माहीत नव्हतं.

चाळिशीच्या आतले बरेच जण इकडेतिकडे लागले. काही आखातात गेले. खंडेरावांनी अकरा कंपन्यांना अर्ज केले. कुठं वय आडवं आलं, कुठं अनुभव जास्त झाला. अनुभव जास्त म्हणून माणूस नको, हे कारण त्यांना कुणी नीट समजावून सांगू शकलं नाही. दर सहा महिन्यांनी ते मुंबईला जाऊन वैद्यकीय तपासणी मात्र करून घ्यायचे, कारण ती चुकली की परवाना निकामी. डोळे, कान, हृदय सगळं ठणठणीत निघायचं. डॉक्टर विचारायचे, "सध्या कुठलं विमान?" खंडेराव म्हणायचे, "सध्या घरीच." डॉक्टर शिक्का मारायचे.

'घरीच' हा शब्द त्यांना फार दमवायचा. लग्नात, दुकानात, मिसळीच्या टेबलावर, जो भेटेल तो विचारायचा. माणूस दिवसभर राबून दमत नाही इतका दिवसभर तेच उत्तर देऊन दमतो. म्हणून ते गिरणाऱ्याला मळ्यात जाऊन टोमॅटोची बांधणी करायला लागले. तिथं कुणी विचारत नव्हतं.

अशात एक दिवस शुभांगीचा फोन आला. ही येवल्याची, पैठणी विणणाऱ्या घरातली. दहा वर्षांपूर्वी खंडेरावांच्या शेजारी, उजव्या खुर्चीत, सहवैमानिक म्हणून बसून शिकली होती. आता एका छोट्या कंपनीत पंख्यांच्या लहान विमानांवर कॅप्टन होती.

"सर, रागावणार नसाल तर एक सांगू? आमच्याकडे जागा आहेत. पण उजव्या खुर्चीच्या. डाव्या भरल्यात. पहिली दोन वर्षं तरी सहवैमानिक म्हणून बसावं लागेल. नवीन विमानाचं सगळं प्रशिक्षण कंपनी देईल."

"कुणाच्या शेजारी बसायचं?"

ती हळूच म्हणाली, "कधी कधी माझ्याही, सर."

खंडेरावांनी विचारलं, "ओझरवरनं उडतं का तुमचं विमान?"

"हो सर. सकाळचं पहिलं ओझरवरूनच."

"येतो," ते म्हणाले.

हैदराबादला कंपनीच्या सिम्युलेटरवर प्रशिक्षण झालं. हे म्हणजे जमिनीला बोल्ट मारून बसवलेलं खोटं कॉकपिट, पण आत बसलं की हलतं, डुलतं, ढगात शिरतं. सगळ्यात छळलं ते हातांनी. डाव्या खुर्चीत कंट्रोल डाव्या हातात असतं आणि इंजिनाचा जोर कमीजास्त करणारा थ्रॉटल उजव्या. उजव्या खुर्चीत सगळं उलटं. पहिले आठ दिवस खंडेरावांना उजव्या हातानं जेवणारा माणूस डाव्यानं जेवायला बसवावा तसं झालं. पण ते शिकले. पंचविशीतल्या पोरांबरोबर बाकावर बसून पुस्तकं पाठ केली, टिपणं काढली. लेखी परीक्षेत पहिले आले.

मग सिम्युलेटरवरची तपासणी. डाव्या खुर्चीत कॅप्टन म्हणून शुभांगी, मागे परीक्षक. शेवटच्या टप्प्यात विमान उतरवत होती शुभांगी, आणि खंडेरावांचं काम फक्त लक्ष ठेवायचं. तीनशे फुटांवर बाजूचा वारा आला, विमान जरा सरकलं. शुभांगी ते सावरतच होती. पण सोळा वर्षांची सवय कुणाला विचारून येत नाही. खंडेराव गरजले, "आय हॅव कंट्रोल!" आणि विमान हातात घेऊन त्यांनी असं अलगद टेकवलं, की परीक्षकाच्या मांडीवरची पेन्सिलसुद्धा घरंगळली नाही.

परीक्षक म्हणाले, "थेटे, लँडिंग फार सुंदर. पण विमान तुमचं नव्हतं."

नापास. तीन आठवड्यांनी दुसरी संधी, आणि तीच शेवटची. कंपनीत तिसरी देत नसत. तरुणपणीचे दिवस असते तर निराळं, पण या वयात ही गेली की कॉकपिटचं दार कायमचं बंद, हे खंडेरावांना कुणी सांगायची गरज नव्हती.

म्हणून त्या दोन खुर्च्या, आणि म्हणून मांडीखालचा हात.

तीन आठवडे घरात शिस्त चालली. उज्वलाच म्हणाली, की नुसतं खुर्चीत बसून भागणार नाही, दिवसभर सराव करा. खंडेरावांनी मनावर घेतलं. कुकरच्या शिट्ट्या मोजणं सोडलं. गाडीत शेजारी पाय पोटाशी घेऊन बसायला लागले. एक दिवस उज्वलाने बोलता बोलता आमटीत दोनदा मीठ टाकलं आणि ते समोर उभं राहून बघत राहिले. पहिला घास घेतल्यावर तिनं विचारलं, "तुम्ही बघत होतात ना?"

"होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू डाव्या खुर्चीत आहेस," खंडेराव म्हणाले, आणि पाणी पिऊन पिऊन जेवले. उज्वलाला हसू आलं, पण वाईटही वाटलं. तिला या माणसाचा हुकूम पंचवीस वर्षं खटकत आला होता. आता तो हुकूम नसलेला माणूस समोर बसला होता आणि तिला तो ओळखीचा वाटेना.

मळ्यात नानांनाही चुकल्याचुकल्यासारखं झालं. पुंजानाना ऐंशीला आलेले, पण सुतळी अजून त्यांच्याच हातात. ते वाकडी गाठ मारत होते आणि खंडेराव गुमान बघत होते.

"आज बोलत नाय तू. बरं नाय का?"

"परीक्षा आहे नाना. विमानाची."

"आरं, इतकी वरसं इमान चालवलं ना? मंग आता कसली परीक्षा घेत्यात?"

"हे लहान विमान आहे. आणि कासरा दुसऱ्याच्या हातात. मी नुसतं शेजारी बसायचं."

नानांनी सुतळी तोडली. "नुसतं बसायचं, तर त्याची परीक्षा कशाला?"  खंडेरावांनी पुढचा वेल धरला.

दुसऱ्या तपासणीला ते हैदराबादला गेले तेव्हा तयारी पक्की होती. डाव्या खुर्चीत पुन्हा शुभांगी. सुरुवातीचं सगळं सुरळीत गेलं. एक इंजिन बंद पडलं, ते निभावलं. खराब हवामान निभावलं. शुभांगीने दोनदा बारीक चुका केल्या, दोन्ही वेळा खंडेरावांनी तोंडानं सांगितलं आणि हात हलवला नाही. मागे परीक्षकाचं पेन चालल्याचा आवाज येत होता, आणि तो बऱ्या खुणा करतोय असं खंडेरावांना वाटत होतं.

शेवटचं उतरणं. पाचशे फूट. वेग कमी व्हायला लागला.

"स्पीड," खंडेराव म्हणाले.

शुभांगीने उत्तर दिलं नाही.

तिनं ऐकलं असेल, त्यांना वाटलं. ती बघतेय. विमान तिचं आहे.

"कॅप्टन, स्पीड."

उत्तर नाही. शुभांगी समोर बघत बसलेली. कॅप्टन अचानक बेशुद्ध पडला तर काय करायचं, याचा नियम पायलटांच्या जगात लहान पोरालाही पाठ असावा इतका साधा आहे. दोनदा हाक मारायची, दोन्हींना उत्तर नाही आलं तर विमान ताबडतोब हातात घ्यायचं. हा नियम शुभांगीला दहा वर्षांपूर्वी खुद्द खंडेरावांनी शिकवला होता. तपासणीत तो कधीही विचारतात, हेही त्यांना माहीत होतं. पण तीन आठवडे त्यांनी एकाच गोष्टीचा सराव केला होता. हात उठायला लागला आणि मनानं तो दाबून धरला. एक सेकंद. दोन. विमान तुमचं नव्हतं, थेटे. तीन. चार.

कंट्रोलची दांडी थरथरायला लागली. विमान आता पडणार, याची ती सूचना. खंडेरावांचा हात तिच्यापर्यंत पोचला तेव्हा परीक्षकाने मशीन थांबवलं होतं. बाहेरची धावपट्टी पडद्यावर जागच्या जागी उभी राहिली. 

बाहेर कॉरिडॉरमध्ये शुभांगी भिंतीला टेकून रडत होती. "सर, मला गप्प राहायला सांगितलं होतं. मला तुम्हाला सांगता येत नव्हतं."

"सांगितलं असतंस तर मीच तुला नापास केलं असतं," खंडेराव म्हणाले. "डोळे पूस. चांगली गप्प बसलीस. तू मुद्दाम गप्प आहेस, असं मला वाटलंच नाही." तिची समजूत घालून ते स्वच्छतागृहात गेले, नळ सोडला आणि दहा मिनिटं नुसते उभे राहिले. त्यांना राग आला नव्हता, रडूही आलं नव्हतं. नुसता थकवा आला होता, आणि तो तीन आठवड्यांचा नव्हता, दोन वर्षांचा होता.

संध्याकाळी प्रशिक्षण विभागाच्या प्रमुखांनी त्यांना बोलावलं. प्रमुख वयानं लहान, पण माणूस बरा होता. म्हणाला, "सहवैमानिक म्हणून आम्ही तुम्हाला घेऊ शकत नाही. पण सध्या सगळीकडून कामावरून कमी झालेले पायलट आमच्याकडे नव्यानं शिकायला येतायत. त्यांच्या तपासणीच्या वेळी डाव्या खुर्चीत बसायला माणूस लागतो. शुभांगीसारख्या कॅप्टनना दर वेळी उड्डाणं सोडून इथं आणणं जमत नाही. तुम्ही बसाल? त्याला परवान्यावर शिक्का लागत नाही. मशीन जमिनीवरच असतं."

"काम काय?"

"कॅप्टन म्हणून बसायचं. सांगू तिथं चूक करायची. आणि ठरल्या ठिकाणी..." तो जरा अडखळला. "ठरल्या ठिकाणी बेशुद्ध पडायचं."

नाशिकला आल्यावर खंडेरावांनी हे उज्वलाला सांगितलं. ती आधी परीक्षकावर संतापली, मग स्वतःवर. "आपण ते केलंच नाही हो. मी तुम्हाला नुसतं गप्प बसायलाच शिकवलं. मी एकदा तरी बेशुद्ध पडायला हवं होतं."

"तुला कुठं माहीत होतं. मला माहीत होतं."

"आणि आता तुम्ही तिथं जाऊन मरायची नोकरी करणार?"

"पगारी."

"दिवसातनं किती वेळा?"

"चार तरी."

ती हसली, आणि हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला. खंडेराव तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. घरी बसून लोकांना उत्तरं देण्यापेक्षा हे बरं, असं ते म्हणाले. ते खरंही होतं. पण ओझरचं सकाळचं पहिलं विमान आता आपलं नाही, हेही दोघांना कळलं होतं.

पहिल्या सोमवारी पहिल्याच पाळीला उजव्या खुर्चीत जयराम बोरस्ते येऊन बसला. हा निफाडचा, त्याच बंद पडलेल्या कंपनीतला, खंडेरावांहून दोनच वर्षांनी लहान, तोही कॅप्टन. गेली दोन वर्षं मेहुण्याच्या कीटकनाशकांच्या दुकानात बसत होता. पोट सुटलं होतं, केस पांढरे झाले होते. त्यानं खंडेरावांना पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "थेटे! तुम्ही लागलात होय इथं? डाव्या खुर्चीत!"

"लागलो," खंडेराव म्हणाले. "पट्टा बांध."

जयरामचीही ही दुसरी आणि शेवटची खेप होती. पहिल्या खेपेला तो कशात चुकला होता, हे खंडेरावांना विचारावं लागलं नाही. त्याचा हात मांडीवर पालथा पडला होता आणि तो त्यानं दुसऱ्या हातानं धरून ठेवला होता.

पाचशे फुटांवर परीक्षकाची खूण आली. खंडेरावांनी हात सैल सोडले, डोळे मिटले, हनुवटी छातीवर टाकली.

"स्पीड," जयराम म्हणाला.

खंडेराव गप्प.

"कॅप्टन, स्पीड."

आता शेजारच्या खुर्चीत काय चाललंय, ते जगात खंडेरावांइतकं कुणाला माहीत असणार? नुसतं खाकरलं असतं तरी पुरे होतं. परीक्षकाला कळलंही नसतं. घशाशी आलं होतं ते. पण खरा बेशुद्ध कॅप्टन खाकरत नाही, आणि मागे सत्तर माणसं बसलेली असतात. खंडेरावांनी श्वास धरला. एक सेकंद. घे रे जयराम. दोन. घे, बाबा, विमान तुझं आहे.

त्यांच्या कोपराला एक हात घासून गेला आणि थ्रॉटल पुढे गेला.

"आय हॅव कंट्रोल!" जयरामचा आवाज फाटला होता.

उतरणं सोडून विमानाचं नाक पुन्हा वर उठलं. मशीन बोल्ट मारून बसवलेलं होतं, पण ते उठणं खंडेरावांना पाठीत जाणवलं. त्यांना मनापासून आनंद झाला, आणि त्याच वेळी जयरामचा इतका हेवा वाटला, की डोळे मिटलेले होते तेच बरं होतं. जयराम एकटाच सगळी कामं मोठ्यानं म्हणत होता, चाकं वर, वेग बरोबर, उंची बरोबर, आणि त्याच्या आवाजात हळूहळू जुना कॅप्टन परत येत होता.

विमान फेरी मारून पुन्हा धावपट्टीवर उतरून पूर्ण थांबेपर्यंत बेशुद्ध कॅप्टनने हलायचं नाही, असा नियम होता. अजून दहा मिनिटं तरी लागणार होती. खंडेराव मान खाली टाकून डाव्या खुर्चीत बसून राहिले, आणि शेजारी जयराम विमान उडवत होता.